शिकारी कुत्र्याची पारख

दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यांत, तापीच्या कांठीं सारंगखेडें येथें जी यात्रा भरते, तिच्यांत घोड्याची पारख कशी चालते हें ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस आमच्या आजच्या विषयाचें मर्म निराळें सांगावयास नको. गिऱ्हाईक प्रथम जनावराभोंवतीं एक फेरी घालतें, मग ओठ वर करून दांत पाहतें, अंगावरचे भोंवरे निरखतें, कानांचीं टोंकें पाहतें, आणि एवढ्यानेंही मनाचें समाधान न झाल्यास मालकाला म्हणतें, ‘‘जरा चालवून दाखवा.’’ ह्या तीन शब्दांत सगळें परीक्षाशास्त्र आलें. भोंवऱ्यांच्या शुभाशुभावर पूर्ण भरंवसा ठेवणारा मनुष्यही पैसे मोजण्यापूर्वीं शेवटीं चालीवर येतो.

आतां ज्या देवाच्या नांवानें ही यात्रा भरते त्याच्या चित्रांत पायांशीं चार कुत्रे उभे असतात. ते चार वेद होत, असें आपणांस लहानपणापासून सांगण्यांत आलेलें आहे. परंतु त्या चोघांपैकीं एखादा वासावर चालतो काय, हांक ऐकतांच वळतो काय, असा प्रश्न कोणा भाविकाच्या मनांत आल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. घोड्याची परीक्षा करावी आणि कुत्र्याला एक तर हात जोडावे, नाहीं तर हाड म्हणावें, अशी आपली रीत आहे. आणि आपल्या वाङ्मयानें ती इमानानें पाळलेली आहे. नामदेवरायांनीं तुपाची वाटी घेऊन ज्याच्यामागें धांव घेतली तो कुत्रा म्हणजे साक्षात् विठ्ठल. ज्याचें शेपूट नळींत घातलें तरी वांकडें तो कुत्रा म्हणजे दुर्गुणाचा पुतळा. मधला, म्हणजे सकाळीं उठून मालकाबरोबर कामाला जाणारा, कधीं चुकणारा, कधीं शिकणारा आणि संध्याकाळीं थकून अंग टाकणारा कुत्रा मात्र आपल्या पुस्तकांतून क्वचितच भेटतो.

हा विचार आमच्या मनांत येण्याचें निमित्त थोडेंसें विचित्र आहे. बंदुकीबरोबर काम करण्यास शिकविलेला कॉकर स्पॅनियल कसा निवडावा, ह्या विषयावर इंग्रजी भाषेंत जें विपुल वाङ्मय आहे त्यांतील कांहीं जुनींनवीं पुस्तकें नुकतींच आमच्या वाचनांत आलीं. कोणी म्हणेल कीं, ह्या विषयाचें आतां आपल्या देशांत प्रयोजन काय? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस आळा घातला, १९९१ च्या दुरुस्तीनें उरलीसुरली वाटही बंद केली. सातपुड्याच्या पायथ्याशीं तित्तिर किंवा पाणलावा टिपण्यासाठीं कुत्रा घेऊन निघणारा मनुष्य आज कुत्र्यासह चौकीवरच पोहोंचेल. हें सर्व खरें आहे आणि तें तसें झालें ह्याचें आम्हांस वाईट वाटत नाहीं. परंतु ज्या पुस्तकांविषयीं आम्ही बोलत आहों तीं मुळांत शिकारीचीं पुस्तकें नव्हेतच, अशी आमची समजूत होऊं लागली आहे. जनावराच्या अंगचा गुण डोळ्यांनीं कसा ओळखावा व शब्दांनीं कसा सांगावा, ह्याचीं तीं पुस्तकें आहेत. आणि ह्या दृष्टीनें तीं आपल्या टीकाकारांच्या लक्षास पात्र आहेत.

प्रथम आपल्या घरचें पाहूं. संस्कृतांत शिकारी कुत्र्याचा उल्लेख नाहीं असें मुळींच नाहीं. कौटिल्यानें पारध्यांना व श्वानपालांना अरण्यांत फिरून चोरांची व शत्रूची वर्दी देण्याचें काम सांगितलें आहे. ‘रघुवंशा’च्या नवव्या सर्गांत दशरथ मृगयेस निघतो तेव्हां तो वनांत शिरण्यापूर्वींच श्वानपालांनीं व जाळेंवाल्यांनीं तें गांठलेलें असतें. आपल्या अगदीं शेजारचा ग्रंथ म्हणजे कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’. बाराव्या शतकांतल्या ह्या राजानें राजाच्या वीस विनोदांत ‘सारमेयविनोद’ म्हणून कुत्र्यांनाही एक प्रकरण दिलें आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं संपादिलेला हा ग्रंथ १९२५ पासून १९६१ पर्यंत तीन भागांत बाहेर पडला. मराठी वाचकांनीं त्यांतील पाककृतींची चर्चा पुष्कळ केली, कुत्र्यांची फारशी केली नाहीं. कुमाऊंच्या रुद्रदेवाचा ‘श्यैनिकशास्त्र’ हा ग्रंथ हरप्रसाद शास्त्री ह्यांनीं १९१० सालीं कलकत्त्यास प्रसिद्ध केला; त्यांत बहिरीससाण्यांचें शिक्षण व औषधोपचार इतक्या बारकाईनें सांगितले आहेत कीं, लिहिणाऱ्याच्या मुठीवर ससाणा बसलेला असला पाहिजे ह्याविषयीं शंका राहत नाहीं. कुत्र्याच्या वांट्याला असा लेखक आला नाहीं. सोमेश्वराचें प्रकरण झालें तरी तो ‘विनोद’ आहे, म्हणजे राजानें पाहण्याची करमणूक आहे. राजा पाहणारा, कुत्रा धांवणारा, आणि दोघांच्या मध्यें उभा असलेला, ज्याला खरें कांहीं ठाऊक आहे असा श्वानपाल. त्याच्या हातीं लेखणी नव्हती.

पण ह्या सर्वांहून महत्त्वाचा, आणि नंदुरबारच्या मुलखांत तर विशेषच जिव्हाळ्याचा, असा एक शिकारी कुत्रा आहे, तो महाभारताच्या आदिपर्वांतला. एकलव्याची कथा सर्वांस पाठ आहे. त्या कथेंतला कुत्रा मात्र सर्वांच्या हातून निसटतो. पांडव मृगयेस निघाले, त्यांच्या मागून एक मनुष्य सामानसुमान व एक कुत्रा घेऊन एकटाच चालला. कुत्रा रानांत भटकत पुढें गेला, तेथें त्याला काळें मृगाजिन नेसलेला, जटा वाढलेला, मळलेल्या अंगाचा निषादपुत्र दिसला, आणि तो भुंकूं लागला. एकलव्यानें जणूं एकाच क्षणीं सात बाण त्याच्या तोंडांत सोडले. बाणांनीं भरलेलें तोंड घेऊन कुत्रा पांडवांकडे परत आला, ते थक्क झाले, आणि पुढें अंगठ्यापर्यंतची सगळी कथा त्यांतून निघाली.

कुत्रा जाणणाऱ्या माणसानें हा प्रसंग वाचला तर त्याच्या मनांत काय येईल? प्रथम येईल तें हें कीं, हा कुत्रा वाईट शिकविलेला होता. तो धन्यापासून दृष्टीआड गेला, हा एक दोष. माणूस पाहून भुंकला, हा दुसरा. रानांत तोंड उघडणारा कुत्रा सगळी शिकार उधळून लावतो. पांडवांनीं धनुर्विद्येवर जेवढे श्रम घेतले त्याचा शतांश जरी ह्या कुत्र्यावर घेतला असता, तर तो मुकाट्यानें माघारीं वळला असता आणि एकलव्याचा अंगठा शाबूत राहिला असता! महाभारतकारांना ह्या गोष्टीशीं कर्तव्य नाहीं. त्यांच्या दृष्टीनें कुत्रा हा एका धनुर्धराच्या कौशल्याचें प्रमाणपत्र आहे. तें दाखवून झालें कीं त्याचें काम संपलें. ते सात बाण कोणी काढले, कुत्रा जगला कीं मेला, हें व्यासांनीं सांगितलें नाहीं, आणि आमच्या माहितीप्रमाणें पुढच्या कोणा मराठी कथाकारानें किंवा नाटककारानें विचारलेलेंही नाहीं. सातपुड्यांतील भिल्ल एकलव्याला आपला पूर्वज मानतात व त्याच्या अंगठ्याचा विषाद अजून बाळगतात. तो विषाद रास्तच आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, त्या कथेंत मुकें झालेलें आणखी एक तोंड आहे. महाभारताला कुत्र्यांविषयीं माया नाहीं असें मात्र कोणी म्हणूं नये. त्याच आदिपर्वांत हविर्द्रव्याकडे न पाहतांही मार खाल्लेल्या आपल्या पिल्लासाठीं सरमा जनमेजयाला जाब विचारते, आणि शेवटीं धर्मराज कुत्र्यासाठीं स्वर्गाच्या दारांत अडून बसतो. परंतु तो कुत्रा अखेर प्रत्यक्ष धर्मच निघतो, म्हणजे पुन्हां कुत्रा राहतच नाहीं.

आतां इंग्रजी पुस्तकांकडे वळूं. कर्नल हचिन्सन ह्यानें १८४८ सालीं कुत्रा शिकविण्यावर जें पुस्तक लिहिलें तें अद्यापि वाचनीय आहे. गृहस्थ लष्करांतला, पण त्याचा सारा आग्रह चाबकाविरुद्ध आहे. पहिले धडे घरांत द्यावे, आरडाओरडा करूं नये, हाताच्या खुणेनें काम घ्यावें, आणि जी आज्ञा पाळून घेतां येणार नाहीं ती देऊंच नये, असें तो परोपरीनें सांगतो. त्यानंतर १९१५ सालीं कार्लटन नांवाच्या लेखकाचें स्पॅनियलांच्या शिक्षणावरचें छोटेखानी पुस्तक निघालें. हा लेखक हचिन्सनहून कोरडा, पण नेमका आहे. कुत्र्याच्या मनांत काय चाललें आहे ह्याविषयीं तो अनावश्यक एक शब्दही बोलत नाहीं. कुत्र्यानें काय केलें तेवढेंच सांगतो. ललित लेखकांनीं ह्या संयमाचा थोडासा अभ्यास केल्यास त्यांचें नुकसान होणार नाहीं.

कॉकर म्हणजे काय हेंही येथें सांगितलें पाहिजे, कारण शहरांतल्या दिवाणखान्यांतून लांब कान व रेशमी झुलपें मिरविणारें जें जनावर त्या नांवानें वावरतें त्यावरून मूळ कुत्र्याची कल्पना येणें कठीण आहे. वुडकॉक नांवाच्या, दाट झुडपांत दडणाऱ्या पक्ष्याला उठविणारा म्हणून तो कॉकर. इंग्लंडच्या केनेल क्लबानें १८९२-९३ च्या सुमारास त्याची जात निराळी मानली. त्यापूर्वीं व नंतरही कांहीं वर्षें, १९०१ सालीं वजनाची अट जाईपर्यंत, पंचवीस पौंडांच्या आंत भरला तर कॉकर आणि वर गेला तर फील्ड स्पॅनियल, असा गमतीचा हिशेब होता. एकाच विणीचे दोन भाऊ तराजूंत निरनिराळ्या जातीचे ठरत. आपल्याकडील जातिनिर्णयाच्या कित्येक वादांहून हा प्रकार अधिक शास्त्रीय होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. पुढें एकाच जातीच्या दोन वाटा झाल्या. प्रदर्शनासाठीं जो कॉकर वाढविला त्याचे कान खालीं उतरले, केंस लांबले; कामासाठीं जो राखला तो चपळ, आंखूड कानांचा, कमी केंसांचा राहिला. १८९९ पासून इंग्लंडांत स्पॅनियलांच्या प्रत्यक्ष कामाच्या परीक्षा भरूं लागल्या, त्यामुळें ही दुसरी वाट बुजली नाहीं.

शिकविलेला कुत्रा विकत घेणाऱ्याला ही पुस्तकें व ह्या विषयांतले आजचे जाणते जें सांगतात त्याचें सार पाहिलें, तर तें सारंगखेड्याच्या गिऱ्हाइकाच्या तीन शब्दांपाशींच येऊन थांबतें. कुत्रा काम करतांना पाहा. मालकाच्या रानांत पाहा आणि मग त्याला अनोळखी असलेल्या रानांतही पाहा. शेवटीं शिटी स्वतः हातांत घेऊन पाहा. तो वाऱ्याकडे तोंड करून नागमोडी शोधीत जातो काय, पण बंदुकीच्या टप्प्याबाहेर, म्हणजे वीसपंचवीस यार्डांपलीकडे, न जातां जातो काय? पक्षी उठला कीं त्याच्यामागें न धांवतां जागच्या जागीं बसतो काय? बार झाल्यावर दचकतो काय? पडलेला पक्षी कोठें पडला हें ध्यानांत ठेवून, आज्ञा झाल्यावरच जाऊन, सरळ हातांत आणून देतो काय? आणि आणलेला पक्षी हातांत घेऊन त्याच्या बरगड्या दोन्ही बाजूंनीं बोटांनीं दाबून पाहाव्या. त्या दोन्ही बाजूंस पिचलेल्या असतील तर कुत्र्याचें तोंड कठीण आहे, आणि हा दोष सहसा जात नाहीं. एवढें झाल्यावर एक साधा प्रश्न विचारावा : इतका चांगला कुत्रा विकतां कां? ह्या प्रश्नाचें उत्तर ऐकतांना कुत्र्याकडे न पाहतां मालकाच्या तोंडाकडे पाहावें, हें आमचें स्वतःचें कलम.

बरगड्यांची ही कसोटी आम्हांस वाङ्मयीन दृष्टीनेंही फार महत्त्वाची वाटते. ‘कुत्रा मृदु स्वभावाचा आहे’ असें वाक्य लिहिणें सोपें आहे, व तें खोटें पाडणें अशक्य आहे. ‘त्यानें आणलेल्या तित्तिराची एकही बरगडी मोडलेली नव्हती’ ह्या वाक्यांत तोच अर्थ आहे, परंतु तो मोजलेला आहे.

ह्या साऱ्या शास्त्रापुढें जिम कॉर्बेटची ‘रॉबिन’ ही कथा ठेवली म्हणजे मोठी मौज होते. १९४४ सालीं मुंबईस प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कुमाऊंच्या नरभक्षकांवरील पुस्तकांत वाघांच्या गोष्टींच्या मधोमध ही एका स्पॅनियलाची गोष्ट आहे. वाघांपुढें कुत्र्याची काय मातबरी म्हणून पुष्कळ वाचक ती उलटून पुढें जातात. आमच्या मतें त्या पुस्तकांतला हा सर्वांत घरगुती आणि कदाचित् सर्वांत धीट भाग आहे. ग्रंथकारांनीं घालून दिलेला एकेक नियम कॉर्बेट ह्या गोष्टींत मोडतो. कुत्र्याचे आईबाप त्यानें कधींच पाहिले नाहींत. कुत्रा स्पॅनियल आहे व त्याचा बाप बंदुकीबरोबर चांगलें काम करतो, ह्या गोष्टीला झाडूवाल्या विक्रेत्याच्या शब्दापलीकडे आधार नाहीं. कॉर्बेटला कुत्रा घ्यावयाचाच नव्हता. एका मैत्रिणीला दाखविण्यासाठीं घाणेरड्या टोपलींतून सात पिलें रस्त्यावर ओतलीं गेलीं तेव्हां तो केवळ शेजारीं उभा होता. त्या सातांतलें सर्वांत लहान, सर्वांत रोडकें, जगण्याची आशा जवळजवळ सोडलेलें पिलूं भावंडांतून उठलें, त्याच्याभोंवतीं एक फेरी घालून आलें आणि त्याच्या मोठाल्या पायांच्या मध्यें वेटोळें करून निजलें. झाली निवड! सारंगखेड्यास गिऱ्हाईक जनावराभोंवतीं फेरी घालतें; येथें जनावरानें गिऱ्हाइकाभोंवतीं घातली. किंमत पंधरा रुपये. पुढें सगळ्या हिंदुस्थानचें सोनें दिलें तरी हा कुत्रा द्यावयाचा नाहीं, असें कॉर्बेट म्हणतो तें वाचकाला पटतें, कारण मध्यंतरीं त्या पंधरा रुपयांच्या पिलाचा कुत्रा होतांना त्यानें पाहिलेला असतो.

पहिल्या शिकारीचा प्रसंग पाहा. एक लांडोर उठते, कॉर्बेट बार टाकतो, पक्षी पंख मोडून कांटेरी जाळींत पडतो, आणि रॉबिन आज्ञेची वाट न पाहतां आंत घुसतो. कॉर्बेट वळसा घालून पलीकडे जातो तों सकाळच्या उन्हांत काय दिसतें? ती म्हातारी लांडोर मान फुगवून रानाकडे पळत आहे आणि हें एवढेंसें पिलूं मागचे पाय जमिनीला टेंकवून तिच्या शेपटीला लोंबकळत फरफटत चाललें आहे. कार्लटनच्या मतें ह्या ठिकाणीं कुत्रा बिघडला. कॉर्बेट रागावत नाहीं. उलट स्वतःच मूर्खपणानें पक्ष्याची मान धरून उचलतो, आणि पक्ष्याच्या लाथेनें रॉबिन कोलांटी खातो. दोष लेखकानें स्वतःकडे घेतला आहे. मोर १९६३ सालीं राष्ट्रीय पक्षी ठरला, आणि आजच्या वाचकाला ह्या प्रसंगीं लांडोरीची कणव आल्यावांचून राहणार नाहीं. ती येऊं द्यावी. त्या कणवेनें प्रसंगाचा जिवंतपणा कमी होत नाहीं.

परंतु गोष्टीचा कळस आहे तो बिबळ्याच्या प्रसंगांत. मेलासा वाटलेला बिबळ्या अचानक उसळून येतो, आणि रॉबिन पळतो. होय, कथेचा नायक असलेला कुत्रा धन्याला सोडून पळतो! कॉर्बेट सांगतो कीं, अकल्पित संकट आलें असतां कुत्र्याच्या पायांना गति येते आणि माणसाचे पाय जमिनीला चिकटतात. दोघेही भ्यालेलेच होते, भीतीचीं रूपें मात्र दोन. मग थरथरत परत आलेल्या त्या लहानशा जिवाची समजूत घालून, ताटातूट झाली ह्यांत त्याचा कांहीं अपराध नाहीं अशी त्याची खात्री पटवून, तो त्याला खालीं ठेवतो आणि पुढील कामाला लागतो. कुत्र्याला लाज वाटूं नये म्हणून एवढी काळजी घेणारा लेखक, आणि ती काळजी इतक्या कमी शब्दांत सांगणारा लेखक, आम्हांस दुसरा आठवत नाहीं.

येथें आपल्या वाघ्याची आठवण होणें अपरिहार्य आहे. रायगडावर महाराजांच्या समाधीजवळ १९३६ सालीं ज्याचें स्मारक उभारलें गेलें, आणि गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यासा’शीं ज्याचें नांव जोडलें गेलें, त्या कुत्र्यानें धन्याच्या चितेंत उडी घेतली, अशी ही कथा आहे. तिच्या ऐतिहासिक सत्यतेविषयीं इतिहासकारांनीं शंका घेतल्या आहेत व त्यावरून वादही पुष्कळ झाले. त्या वादांत आम्ही पडत नाहीं. आमची तक्रार वाङ्मयीन आहे. वाघ्या काय काम करीत असे? तो वासावर चालत असे कीं नजरेवर? चितेच्या दिवसापूर्वींचा त्याचा एकही दिवस आपणांस ठाऊक नाहीं. कुत्रा म्हणजे इमान, आणि इमान म्हणजे मरण, एवढीच आपल्या कल्पनेची धांव. रॉबिन पळाला म्हणून जगला, जगला म्हणून परत आला, आणि परत आला म्हणून त्याचा स्वभाव आपणांस कळला. ज्या कुत्र्याला पळण्याची मुभाच नाहीं, त्याच्या न पळण्याचें मोल कसें करावें?

तथापि ‘रॉबिन’ वाचून कोणी कुत्रा घेऊं नये, हेंही सांगितलें पाहिजे. कॉर्बेटच्या नशिबानें जी टोपली उपडी झाली ती सर्वांच्या दारीं होणार नाहीं. आणि ह्या कथेंत एक मोठी उणीव आहे : शिकवणुकीचा भाग लेखकानें थोडक्यांत उरकला आहे. बार ऐकून न दचकण्याची संवय त्यानें लावली हें आपणांस कळतें. परंतु लांडोरीच्या शेपटीला लोंबणारा रॉबिन पुढें बिबळ्याच्या मागावर नि:शब्द चालूं लागला, ह्या दोन टोंकांमधल्या शेंकडों सकाळी कोठें गेल्या? त्या हचिन्सनच्या पुस्तकांत आहेत. पण तेथें रॉबिन नाहीं. कथा व शिक्षण ह्यांची अशी फारकत इंग्रजींतही झालेलीच आहे, हें पाहून आम्हांस थोडें समाधान वाटलें, हें कबूल करणें बरें.

मराठींत रानाचें लेखन दुर्बळ नाहीं. व्यंकटेश माडगूळकर हातांत बंदूक घेऊन रानांत गेले आणि पुढें वही घेऊन गेले. ‘सत्तांतर’ ह्या लहानशा कादंबरींत वानरांच्या टोळ्यांकडे त्यांनीं ज्या थंड, सावध नजरेनें पाहिलें आहे तीच नजर आम्ही कुत्र्यासाठीं मागत आहों. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) ह्यांनीं रानांतल्या लोकांकडून पक्ष्यांचीं व झाडांचीं नांवें जमविण्यांत जन्म घालविला. परंतु रानांत माणसाच्या पायाशीं चालणाऱ्या जनावराकडे ह्या दोघांचेंही मुख्य लक्ष नव्हतें. त्यांची ओढ साहजिकच वन्य प्राण्यांकडे होती. दख्खनचे आपले कुत्रे, कारवानी व मुधोळ, ह्यांना आतां थोडा मान मिळूं लागला आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनीं ती जात सांभाळली आणि २००५ सालीं मुधोळ कुत्र्याचें चित्र टपालाच्या तिकिटावर आलें. पण हे नजरेवर धांवणारे कुत्रे. त्यांची परीक्षा म्हणजे वेगाची परीक्षा. माणसाच्या इतक्या जवळ राहून, त्याच्या हाताच्या खुणेकडे पाहत, वेग आवरून काम करण्याचा जो स्पॅनियलाचा विशेष आहे, तो त्यांच्याकडे मागणें अन्यायाचें होईल.

मग हें ज्ञान आपल्याकडे नव्हतेंच काय? नंदुरबारकडे पाहिलें तर असें म्हणवत नाहीं. १८२५ सालीं जेम्स औट्रम खानदेशांत आला आणि त्यानें भिल्लांची पलटण उभारली, तेव्हां भिल्लांचा विश्वास त्यानें संपादन केला तो मुख्यतः त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारी करून. साहेबाच्या चरित्रांत त्या शिकारींचीं वर्णनें आलीं, साहेबाच्या धैर्याची वाखाणणी झाली. माग काढणारा मात्र त्या वर्णनांत ‘भिल्ल’ ह्या एका शब्दांत आटोपला. पुढें कायदा झाला तेव्हां साहेबाची शिकार वाङ्मय म्हणून कपाटांत राहिली, आणि पाड्यावरच्या माणसाची शिकार गुन्हा म्हणून कागदावर चढली. कायदा चुकीचा होता असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या माणसाला वारा, माग आणि कुत्र्याचा कान ह्या तिहींवरून जाळींत काय आहे हें सांगतां येत होतें, त्याचें तें ज्ञान विचारून घेण्यास कोणी गेलें नाहीं, हें मात्र आम्हांस चुकीचें वाटतें. अक्राणी व अक्कलकुव्याच्या डोंगरांत आजही घरें एकमेकांपासून दूर, आपापल्या शेतांत असतात, आणि कुत्र्यावांचून असलेलें घर विरळा. त्या कुत्र्यांची वंशावळ कोणी लिहून ठेवीत नाहीं. पण कोणता शेळ्यांवर ठेवावा आणि कोणता दारांत बांधावा हें घरांतल्या पोरालाही ठाऊक असतें.

इकडे खालीं सपाटीवर, शहाद्या-नंदुरबारच्या बाजारपेठांतील सुखवस्तु घरांतून, परदेशी कुत्रा पाळण्याची हौस वाढत आहे आणि तींत कॉकरही आहे. त्याची निवड चित्रावरून होते. ज्या मुलखांत वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेथें लांब केंसांचें हें जनावर, ज्याला माणसासारखा घाम येत नाहीं आणि धापा टाकूनच जें अंग निववितें, दुपारभर फरशीवर पडून असतें. पावसाळा संपला कीं गवताचीं कुसळें त्याच्या लोंबत्या कानांत शिरतात, केंसांत गोचीड लपतात, कान चिघळतात. ह्या जातींत दृष्टिपटलाचा व मूत्रपिंडाचा असे दोन आनुवंशिक विकार आढळतात. आईबापांची रक्तपरीक्षा करून त्यांचा धोका आतां आधीं कळूं शकतो, पण ती विचारणारें गिऱ्हाईक थोडें. ज्या कुत्र्याच्या पूर्वजांनीं दिवसभर कांट्यांत शिरून काम केलें, त्याला काम न दिल्यास तो चपला कुरतडतो आणि मग त्याला व्रात्य म्हणतात. बंदूक नको, पक्षी नको. संध्याकाळीं शेताच्या बांधावर एक कापडी गुंडाळी लपवून ती शोधून आणण्याचा खेळ जरी त्याला दिला, तरी त्याच्या अंगांतली निम्मी विद्या जागी होईल. त्यासाठीं कामाच्या वाणाचा कुत्रा कोणता व प्रदर्शनाच्या वाणाचा कोणता एवढा भेद तरी घेणाऱ्याला कळला पाहिजे, आणि तो कळण्यासाठीं तो आधीं कोणी तरी मराठींत लिहिला पाहिजे.

लिहूं जातां पहिली अडचण येते ती शब्दांची. हा लेख लिहितांनाच आमची पंचाईत झाली. पक्ष्याला इजा न करतां धरणाऱ्या तोंडाला काय म्हणावें? ‘मऊ तोंड’ म्हटलें तर तें लाडावलेल्या मुलाचें वाटतें. ‘हळुवार तोंडाचा’ हें त्यांतल्या त्यांत बरें. पक्षी उठल्यावर जागीं बसून राहणाऱ्याला ‘स्थिर’ म्हणावें तर तो पुतळा होतो; आम्ही ‘बसता कुत्रा’ म्हणूं इच्छितों. बाराला भिणारा तो ‘बारबुजा’ असें एका स्नेह्यांनीं सुचविलें आहे, व घोड्याच्या बुजण्याशीं त्याचें नातें असल्यामुळें तें आम्हांस पसंत आहे. परंतु हे शब्द टेबलाशीं बसून बनविलेले आहेत. तळोद्याच्या किंवा धडगांवच्या बाजूस, पावरी किंवा भिलोरी बोलींत, ह्या गुणांना वापरून झिजलेले शब्द असण्याचा संभव आहे. त्या बाजूच्या आमच्या वाचकांपैकीं कोणी तेथील गुराख्यांना विचारून ते कळविल्यास आम्ही आमचे तिन्ही शब्द आनंदानें मागें घेऊं.